रकाना सतरावा

कंपनीचा फॉर्म महापालिकेत आला,
चार टेबलं फिरून माझ्यापाशी थांबला.
बिनचालकाची गाडी, चाचणी मार्ग काळाघोडा ते मांडवी,
रस्त्यात काय काय आडवं येऊ शकतं ते लिहा.
सोळा रकाने छापलेलेच होते:
माणूस, सायकल, गाय, बस, पुढे असंच.
सतरावा नुसता 'इतर',
त्याच्यापुढे दीड ओळ जागा.

दीड ओळीत बडोदं कसं बसवायचं?

म्हणून दांडिया बाजारात खानविलकरांकडे गेले.
एकतीस वर्षं कोठी चार रस्त्यावर उभे होते,
आता गुडघे बसू देत नाहीत, उभंही राहू देत नाहीत.
चहा बशीत ओतत म्हणाले,
पहिली मगर लिही.

मी हसले.
हसतेस काय? विश्वामित्री फुगली
की ती पुलाखालून वर येते,
आणि रस्त्यावर आली की तीही बडोद्याचीच,
डावी-उजवीकडे बघत नाही.
एकदा बारा मिनिटं वाहतूक थांबली होती,
एकानं हॉर्न दिला नाही.
माझ्या हातासाठी नव्हे हं. तिच्यासाठी.

मग नवरात्र लिही. रात्री एक वाजता
एका स्कूटरवर तिघी, घागऱ्यांचा घेर
दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर,
तुझ्या यंत्राला वाटेल, तंबू चालत आला.
मांडवीच्या कमानीतून उलटा येणारा
चिवड्याची पाटी घेतलेला माणूस लिही.
तो उलटा नाही, तो रोजचा आहे.
पतंग लिही. म्हणजे पतंग नको,
पतंगाकडे बघत मागे मागे चालणारं पोर लिही.

आणि हा माझा पंजा.
पुरता उघडला की थांब.
तोच जरा हलवला की नीघ बाबा एकदाचा.
तोच छातीशी आणला की आईची तब्येत कशी आहे?
हे कुठल्या रकान्यात घालतेस?

मी पुरवणी जोडली. दुसरी जोडली.
पट्टे आखून घे, ते म्हणाले, पांढरे, ठसठशीत.
सिग्नलवर आलेल्या फांद्या छाट,
खड्डे बुजव, फुटपाथ मोकळे कर.
(थांबले.)
एवढं तर माणसांसाठीही करायला हवं होतं.

निघताना दारातून हाक मारली:
आणि चुकली, तर पावती कोणाच्या नावे फाडणार?

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, 'जबाबदार व्यक्ती'.
कंपनीनं ती कोरी ठेवली होती,
विमावाल्यांनी कोरी ठेवली होती,
साहेबांनी पेन्सिलीनं एक टिंब काढून
फाइल परत पाठवली होती.

चाचणी रविवारी, पहाटे साडेपाचला.
न्यायमंदिराच्या वळणावर पांढरी गाडी आली,
स्टिअरिंग आपोआप फिरत होतं,
रिकाम्या घरात कुणी नळ सोडावा तसं.
खानविलकर पलीकडे, काठी टेकून.
ओळखीचा दूधवाला दिसला
म्हणून त्यांनी हात वर केला,
केम छो एवढंच म्हणायला.

गाडी थांबली.
पट्ट्यांच्या वीतभर अलीकडे.

दूधवाला निघून गेला.
त्यांनी हात खाली घेतला नाही.
एकतीस वर्षांत हुज्जत न घालता,
साहेबाचं नाव न सांगता,
कुणी थांबलं नव्हतं या हाताला.

गाडीत मागे बसलेली कंपनीची मुलगी
काच खाली करून म्हणाली, अंकल, प्लीज, हात.
ते माझ्याकडे बघत होते,
पोरानं पतंगाकडे बघावं तसे.

मी पर्समधून फॉर्म काढला.
तळाची ओळ तशीच कोरी,
पण सतराव्या रकान्याच्या समासात
बोटभर जागा उरली होती.
तिथे लिहिलं:
ओळखीचं माणूस दिसणे.